मुंबईने किसान लाँग मार्चला नेमकं काय दिलं? २०१८ चं एक प्रकरण

१२ मार्च २०१८ च्या सकाळचे फोटो बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतील. आझाद मैदानात लाल टोप्या, लाल बावटे आणि सोलपटलेले तळपाय. त्या दिवशी मुंबईकरांनी शेतकऱ्यांना खाऊ घातलं, पाणी दिलं, पायांत चपला घातल्या. तेव्हापासून हा प्रसंग शहराच्या मोठ्या मनाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. एखादं मंडळ, व्यापारी संघटना किंवा सोसायटी विचारते की अशा आंदोलनाला आम्ही काय देऊ शकतो, तेव्हा हे प्रकरण तारखेवार उलगडून पाहावं असं मला वाटतं. कोणी काय दिलं, केव्हा दिलं आणि कोणत्या वेळी कोणीच नव्हतं, हे एका ओळीत मांडलं की मदतीचा अर्थ बराच बदलतो.

लोक कशासाठी चालत होते

मोर्चा अखिल भारतीय किसान सभेचा, म्हणजे डाव्या विचारांच्या शेतकरी संघटनेचा. ६ मार्च २०१८, मंगळवारी तो नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. मुंबईपर्यंतचं अंतर सुमारे १८० किलोमीटर. निघताना पंचवीस हजारांच्या आसपास माणसं होती असं संयोजक सांगतात, आणि मुंबईत पोचेपर्यंत आकडा चाळीस-पन्नास हजारांवर गेला. पोलिसांचा अंदाज अर्थातच याहून कमी होता. अशोक ढवळे, सुरगाणा-कळवण पट्ट्यातले तेव्हाचे आमदार जे. पी. गावित, अजित नवले, किसन गुजर ही नेतृत्वातली ठळक नावं.

बातम्यांत हा 'शेतकऱ्यांचा मोर्चा' होता, म्हणून अनेकांनी तो कर्जमाफीचा मोर्चा समजला. कर्जमाफी मागण्यांत होतीच. जून २०१७ च्या शेतकरी संपानंतर सरकारने दीड लाखाच्या मर्यादेची योजना आणली होती आणि तिच्या अटींत अडकलेले पुष्कळ होते. बोंडअळी आणि गारपिटीची भरपाई, वृद्धांचं आणि निराधारांचं तुटपुंजं मानधन, रेशनकार्डांचे घोळ हेही होतं. पण चालणाऱ्यांत मोठा भाग सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या आणि पालघर-ठाण्याच्या पाड्यांवरच्या आदिवासींचा होता. त्यांचा पहिला प्रश्न जंगलजमिनीचा.

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याचा त्या जमिनीवरचा हक्क चार हेक्टरच्या मर्यादेत मान्य करायचा. कागदावर साधं आहे. प्रत्यक्षात कुणाचा दावा फेटाळला गेला, कुणाचा धूळ खात पडला, तर कुणाला कसतो त्याच्या चौथ्या भागाइतकी जमीन मंजूर होऊन उरलेली 'फॉरेस्टची'च राहिली. जमीन नावावर नाही म्हणून सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, भरपाई नाही, आणि कर्जच नाही तर कर्जमाफीही नाही. दुसरा प्रश्न पाण्याचा. नार-पार, दमणगंगा या पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचं पाणी नदीजोड प्रकल्पातून गुजरातकडे वळणार आणि धरणाखाली गावं मात्र इथल्या आदिवासींची जाणार, याला विरोध होता. ते पाणी गिरणा-गोदावरीच्या खोऱ्यांत आणा, अशी मागणी होती. जंगल कोणाचं आणि नदी कोणासाठी, असा हा वाद. म्हणूनच हे सामाजिक आणि पर्यावरणीय न्यायाचं प्रकरण म्हणून मांडतो आहे, नुसतं शेतीच्या अर्थकारणाचं नाही.

घरचा शिधा

आता मदतीकडे. पहिले पाच दिवस या मोर्चाला जगवलं ते मोर्चेकऱ्यांच्या गावांनीच. यावर फार कमी लिहिलं गेलं.

पाड्यापाड्यांतून आधीच धान्य गोळा झालं होतं. तांदूळ, डाळ, पीठ, कांदे-बटाटे, तेल, तिखट-मीठ. मोठी पातेली आणि सरपण. तालुक्यातालुक्याचे टेम्पो होते. मोर्चा सकाळी निघाला की स्वयंपाकाची मंडळी पुढे जायची, ठरलेल्या मुक्कामावर दगडांच्या चुली मांडायची आणि माणसं पोचायच्या आत भात-आमटी तयार ठेवायची. पंढरीच्या दिंडीत गेलेल्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. शिध्याचा ट्रक पुढे आणि वीणा मागे, तसंच.

थोडा हिशोब करू. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं तर पंचवीस हजार माणसांना रोज साडेबारा टन लागतं. सहा दिवसांचे पंचाहत्तर टन. हा माझा ढोबळ अंदाज आहे, कुणाच्या वहीतला आकडा नाही. पण एवढं धान्य ज्या घरांतून निघालं त्यांतल्या बऱ्याच घरांत मार्चनंतर मजुरीवरच भागतं, हे लक्षात घेतलं की या टेम्पोंचं वजन कळतं. आदल्या वर्षांची तालीमही त्यामागे होती. मार्च २०१६ मध्ये याच सीबीएस चौकात लाखभर शेतकऱ्यांनी मुक्काम ठोकला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला आदिवासी विकास मंत्र्यांच्या घराला घेराव पडला. कोणी किती माणसं आणायची, पातेली कोणाची, रात्री पाण्याचा टँकर कुठून, हे प्रश्न २०१८ मध्ये कोणालाच नवे नव्हते. त्याहून मागे जायचं तर १९४५ च्या वारली उठावापासून या भागात लाल बावट्याची वीण आहे.

कसाऱ्याचा घाट उतरणारी लाल रांग फोटोंत सुंदर दिसते. तोवर पायांना फोड आले होते, जुन्या चपलांचे अंगठे तुटले होते, दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटरची मजल चालूच होती. आठ मार्चला महिला दिन झाला. रांगेत बायका हजारोंनी होत्या, त्यांतल्या पुष्कळ साठी ओलांडलेल्या. मराठी वाहिन्या अधूनमधून दाखवत होत्या, देशपातळीवरची प्रसारमाध्यमं अजून जागी व्हायची होती. चपलांची खरी गरज या टप्प्यावर होती. चपला आल्या शेवटच्या दिवशी.

हे दोष दाखवण्यासाठी लिहीत नाही. मदत दिसण्याच्या मागे धावते, एवढं नोंदवून ठेवायचं आहे. पुढच्या वेळी एखाद्या पादत्राणांच्या व्यापाऱ्याला खरंच काही करायचं असेल तर त्याने मुक्कामांची यादी मागून तिसऱ्या दिवशीच्या मुक्कामावर माल पोचवावा, आझाद मैदानावर नाही. शिवाय तिथे चपलांच्या बरोबरीने चांभाराची पेटी असलेली तीन माणसं बसवावीत. तुटलेला अंगठा शिवून मिळाला तर अनेकांना नवी चपल नकोच असते. नव्या चपलेने त्याच पायाला आणखी एक फोड येतो, हे चालणाऱ्याला विचारलं की लगेच कळतं.

मुंबईच्या हद्दीत

११ मार्चला रविवार होता. मोर्चा ठाण्याहून मुलुंडमार्गे मुंबईत शिरला आणि पूर्व द्रुतगती मार्गाने दक्षिणेकडे निघाला. इथून चित्र पालटलं. विक्रोळीच्या आसपास रहिवासी पाणी आणि खाणं घेऊन रस्त्यावर उभे होते, काहींनी फुलं उधळली. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात स्वागत झालं. १९९७ मध्ये आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या दलितांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराची आठवण असलेली ही वस्ती. तिथल्या लोकांनी आदिवासींच्या मोर्चासाठी रस्त्यावर यावं, यात मला औपचारिक पाठिंब्याच्या कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त अर्थ दिसतो. सरकारच्या दारात उभं राहणं म्हणजे काय, हे त्या वस्तीला कुणी समजावून सांगायला नको होतं.

रविवार होता हेही विसरू नये. सोमवारी सकाळी कामाच्या वेळेत हीच रांग रस्त्यावर असती तर किती जणांनी फुलं टाकली असती आणि किती जणांनी हॉर्न वाजवले असते, कोण जाणे.

संध्याकाळी मोर्चा चुनाभट्टीजवळच्या सोमय्या मैदानावर थांबला. सरकारच्या वतीने गिरीश महाजन तिथे भेटून गेले. मूळ बेत असा की सकाळी निघायचं, आझाद मैदानावर जमायचं आणि विधानभवनाला घेराव घालायचा. पण सोमवारी दहावीचा पेपर होता. एवढी माणसं सकाळी शीव ते सीएसएमटी रस्त्यावर आली तर हजारो मुलं केंद्रांवर पोचली नसती. नेत्यांनी मैदानातच लोकांसमोर प्रश्न ठेवला आणि लोकांनी होकार दिला. दिवसभर चाललेली माणसं जेमतेम विसावा घेऊन मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि पहाट होता होता आझाद मैदानात पोचली.

या प्रकरणातला कळीचा क्षण हाच आहे, असं माझं मत. सहा दिवस चालून आलेल्यांनी आधी शहराला काहीतरी दिलं. सोमवारी शहराने जे दिलं ते त्या देण्याचं उत्तर होतं. सोमवारी सकाळी ज्या घरातला मुलगा वेळेवर परीक्षेला पोचला, त्या घराला मोर्चा नावाची गोष्ट पहिल्यांदा आपल्या बाजूची वाटली असेल. याच मोर्चाला 'शहरी माओवादा'शी जोडण्याचा प्रयत्न सत्ताधारी बाजूच्या एका खासदारांनी केला. रात्रीच्या त्या चालण्यानंतर ती भाषा कोणाच्या गळी उतरेना.

रात्रीच्या वाटेवरही माणसं उभी होती. भायखळ्याच्या मुस्लिम वस्तीत पाणी आणि खाण्याची सोय झाली. रात्री दोन-तीनला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभं राहायचं तर आधी कोणीतरी फोन फिरवलेले असतात, पेट्या आणलेल्या असतात, पोरांना जागं ठेवलेलं असतं. हे 'उत्स्फूर्त' म्हणून सोडून देणं त्या मोहल्ल्यावर अन्याय आहे.

डबेवाले आणि भाकऱ्या

सोमवारी आझाद मैदानात जे जे आलं त्याची पूर्ण यादी कोणी केलेली नाही, आणि इथे तिची गरजही नाही. दोन गोष्टींवर मात्र थांबायला हवं.

पहिली डबेवाल्यांची. त्यांची 'रोटी बँक' आधीपासून चालू होती. लग्नसमारंभांत, घरांत उरलेलं चांगलं अन्न गोळा करून भुकेल्यांपर्यंत न्यायचं, असं तिचं काम. त्या दिवशी दादर ते कुलाबा या पट्ट्यातल्या डबेवाल्यांनी अन्न जमवून मैदानात पोचवलं. डबेवाले म्हणजे मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावचे. बहुतेकांचं शेत गावाकडे आहे, भाऊ शेती करतो. भावनिक नातं आहेच, पण या मदतीत मला जास्त महत्त्वाचं दिसतं ते हे की त्यांनी आपल्या धंद्याचंच कसब दिलं. ठरलेल्या वेळी दारातून अन्न उचलायचं, सायकलवर आणि लोकलमधून न्यायचं, योग्य जागी उतरवायचं. हे ते रोज करतात. त्या दिवशी पत्ता बदलला होता, इतकंच. नवं काही शिकावं लागलं नाही, म्हणून गोंधळ झाला नाही.

दुसरी गोष्ट रायगडची. शेतकरी कामगार पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तिकडच्या गावांतून भाकऱ्या आणि सुकी मासळी आणली. तांदळाच्या भाकरीला शिळेपण लवकर येत नाही, सुक्या मासळीला गरम करावं लागत नाही, आणि खाणारा आदिवासी असेल तर ते त्याच्या ओळखीचं जेवण आहे. बिस्किटांचे पुडे देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण रात्रभर चाललेल्या माणसाला बिस्किटाने धीर येत नाही, आणि अशा जागी बिस्किटं नेहमीच गरजेपेक्षा जास्त येतात. रायगडच्या गावांतल्या बायकांनी भाकऱ्या थापल्या तेव्हा कोण खाणार आहे हे त्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी फोड आलेले पाय धुऊन मलमपट्ट्या करत होते. पालिकेने पाण्याचे टँकर आणि फिरती शौचालयं ठेवली होती. शौचालयांवर कोणी कविता करत नाही. हजारो बायका जिथे दिवसभर बसणार आहेत तिथे ती भाकरीइतकीच लागतात, आणि देणगी म्हणून ती द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. संस्था किंवा व्यापारी मंडळांसाठी इथे मोठी मोकळी जागा आहे.

राजकीय पक्षांबद्दल थोडक्यात. सत्तेत असलेल्या शिवसेनेसह मनसे, काँग्रेस, राष्ट्रवादी, सगळ्यांनी पाठिंबा दिला. त्याचा वाटाघाटींवर दबाव म्हणून उपयोग झाला. शिध्यात त्यांचा वाटा किती, हा वेगळा प्रश्न.

दुपारी विधानभवनात मंत्र्यांच्या समितीबरोबर बैठक झाली. चंद्रकांत पाटील, गिरीश महाजन, पांडुरंग फुंडकर, सुभाष देशमुख, विष्णू सवरा, एकनाथ शिंदे असे मंत्री समितीत होते. संध्याकाळी मुख्य सचिवांच्या सहीचं लेखी आश्वासन हातात आलं. प्रलंबित वनहक्क दावे सहा महिन्यांत निकाली काढू, हे त्यातलं मुख्य कलम. विधानभवनाचा घेराव मागे घेतला गेला. रेल्वेने सीएसएमटीहून भुसावळकडे विशेष गाड्या सोडल्या आणि मोर्चा घरी गेला.

गाडी सुटल्यावर

बहुतेक लेखन इथे संपतं. मदतही इथेच संपली, आणि या प्रकरणातली माझी खरी तक्रार हीच आहे.

वनहक्काचा दावा निकाली निघतो म्हणजे काय होतं ते पाहा. गावाच्या वनहक्क समितीने जागेवर जाऊन पाहणी करायची, ग्रामसभेने ठराव करायचा, मग दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे. निदान दोन पुरावे लागतात. वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या, गावातल्या वयस्कांचे जबाब, शेतातली जुनी झाडं, विहीर, बांध, असं काहीही. दावा फेटाळला तर कारण लेखी कळवावं लागतं आणि साठ दिवसांत अपील करता येतं. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरच्या माणसाला हे साठ दिवस कधी सुरू झाले हेच अनेकदा कळत नाही, कारण नोटीस पोचलेलीच नसते.

या कामाला लागतं काय? जीपीएस वापरू शकणारी दोन-चार तरुण मुलं. तहसील कचेरीच्या गावात झेरॉक्सचं दुकान, जे दावेदारांकडून कमी पैसे घेईल किंवा उधारीवर काढून देईल. अपिलाचा मसुदा लिहून देणारा वकील. महिन्यातून दोनदा सुरगाण्याला जाऊ शकणारा निवृत्त भूमापक. यांपैकी कशालाच कॅमेरा येत नाही आणि एकही गोष्ट खर्चाने फार मोठी नाही. १२ मार्चच्या गर्दीत दोनशे मुंबईकरांनी प्रत्येकी एका पाड्याचं सहा महिन्यांचं पालकत्व घेतलं असतं, तर त्या आश्वासनाच्या मुदतीला कुणी मोजणारं उरलं असतं. काही संस्था-संघटना हे काम आधीपासून करत होत्या आणि पुढेही करत राहिल्या. चपला घेऊन आलेल्या शहरातून त्यांच्याकडे किती हात वळले, तेवढं पाहा.

सहा महिने उलटले. २० फेब्रुवारी २०१९ ला नाशिकहून पुन्हा मोर्चा निघाला. मागणी एकच: दिलेला शब्द पाळा. योगायोग क्रूर होता. त्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटवावं असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांना दिला होता. २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली, पण तोवर 'फेटाळलेला दावा' म्हणजे उद्याचं घर जाणं, हे उघड झालं होतं. २०१९ चा मोर्चा दुसऱ्याच दिवशी नव्या लेखी आश्वासनावर नाशिकजवळच थांबला. मुंबईला पाणी घेऊन उभं राहायची वेळ आलीच नाही. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांना पाठिंबा म्हणून नाशिकहून गाड्यांचा ताफा आझाद मैदानात आला.

मार्च २०२३ मध्ये पुन्हा पायी. यावेळी सुरुवात दिंडोरीहून, मागण्यांत वनहक्कांबरोबर कांद्याचा भावही. मोर्चा घाट उतरून शहापूर तालुक्यात वाशिंदला आला आणि तिथेच बसला. मंत्री येऊन गेले, मुंबईत मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली, विधानसभेत निवेदन झालं. मोर्चा तरी उठला नाही. निवेदन झालं म्हणजे काम झालं असं मानायला लोक आता तयार नव्हते, तालुक्याच्या कचेरीपर्यंत आदेश पोचल्याशिवाय हलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मैदानात थांबणं चालण्यापेक्षा अवघड असतं. बातमी थांबते, पाहुणे कमी होतात, धान्य मात्र रोज तेवढंच लागतं. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. १८ मार्चला मोर्चा मागे घेतला गेला, तोवर चुली पाड्यांवरून आणलेल्या शिध्यावरच पेटत होत्या.